२४ तास लघवी गोळा करायची तपासणी आणि लॅबचं ‘किडनी पॅकेज’ : पैसे कुठे टाकावेत, कुठे नाही

आधी स्टार देऊन टाकते, मग बाकीचं. २४ तासांच्या लघवीच्या तपासणीला पाचपैकी चार, ती करणाऱ्या लॅबला तीन, आणि त्याच काउंटरवर ‘ऑफर आहे मॅडम, यातच करून टाका’ म्हणत गळ्यात मारतात त्या किडनी पॅकेजला दीड, आणि तो दीडसुद्धा त्यात क्रिएटिनिन (स्नायूंतून रक्तात येणारा कचरा, किडनी तो बाहेर टाकते) असतं म्हणून. लॅबचं नाव लिहीत नाहीये, विचारूही नका. मिरज म्हणजे वानलेस साहेबांच्या काळापासून दवाखान्यांचं गाव, स्टेशनरोडनं चालत निघालात तर डाव्या उजव्या हाताला लॅबच लॅब, त्यातली एक समजा.

पार्श्वभूमी थोडक्यात. आमचे अण्णा ७१ वर्षांचे, शुगर जुनी, बीपी त्याच्या मागोमाग आलेलं, अंगानं बारीक, माळकरी त्यामुळे मटण अंडी काही नाही. क्रिएटिनिन १.४ आलं आणि संध्याकाळी पाय सुजायला लागले म्हणून फॅमिली डॉक्टरांनी किडनीवाल्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी कागदावर लिहून दिलं, २४ तासांच्या लघवीतलं प्रोटीन आणि क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे किडनी मिनिटाला किती मिली रक्ताचं पाणी क्रिएटिनिनपासून साफ करते ते. आणि तोंडी सांगितलं की तुमच्या वडिलांचे स्नायू कमी, खाणं शाकाहारी, त्यामुळे रक्तातल्या एका आकड्यावरून काढलेलं जीएफआर, म्हणजे किडनी मिनिटाला किती गाळते तो आकडा, मला पटत नाही, मोजूनच बघू. हे वाक्य मला फार आवडलं, कारण डॉक्टर सहसा कारण सांगत नाहीत.

आता पॅकेज. काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं की नुसत्या दोन टेस्ट करण्यापेक्षा आमचं किडनी प्रोफाइल घ्या, अकरा टेस्ट आहेत, थोडेच पैसे जास्त. मी यादी मागितली. युरिया, बीयूएन, क्रिएटिनिन, बीयूएन-क्रिएटिनिन रेशो, युरिक ॲसिड, कॅल्शियम, फॉस्फरस, सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड, आणि ईजीएफआर. बघा आता. युरिया आणि बीयूएन (युरियातलं नायट्रोजन) ही एकच गोष्ट आहे, युरियाला २.१४ नं भागलं की बीयूएन, म्हणजे मशीनवर एकदाच मोजायचं आणि कागदावर दोनदा लिहायचं. रेशो म्हणजे त्यातल्याच दोन आकड्यांचा भागाकार. ईजीएफआर म्हणजे अंदाजी जीएफआर, क्रिएटिनिन, वय आणि बाई की पुरुष एवढं फॉर्म्युल्यात घालून काढलेला आकडा, त्याला रक्ताचा एक थेंब जास्तीचा लागत नाही. अकरातल्या तीन टेस्ट म्हणजे नुसता कॅल्क्युलेटर!

पण माझी खरी तक्रार ती नाहीच. तक्रार ही की ‘किडनी’ नावाच्या पॅकेजमध्ये लघवीची एकही टेस्ट नाही. जो अवयव लघवी तयार करतो त्याची तपासणी आणि लघवी बघायचीच नाही? रक्तातलं क्रिएटिनिन फार उशिरा बोंब मारतं, किडनीचं जवळजवळ निम्मं काम गेलं तरी ते नॉर्मलच्या रेषेत बसून राहू शकतं, आणि बारीक माणसात तर अजूनच, कारण क्रिएटिनिन बनतं स्नायूंमधून आणि स्नायूच नाहीत तर बनणार किती. त्याआधी कितीतरी वर्षं लघवीतून अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन) झिरपायला लागलेलं असतं, विशेषतः शुगरवाल्यांमध्ये. त्यासाठीची टेस्ट अगदी साधी आहे, लघवीचं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, सगळे एसीआर म्हणतात, सकाळची छोटी डबीभर लघवी पुरते, उपाशी राहायचं नाही काही नाही. एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमच्या आत असेल तर ठीक, ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू झालीय, ३०० च्या वर म्हणजे जोरात. ताप असेल, लघवीत इन्फेक्शन असेल किंवा आदल्या दिवशी फार दमछाक झाली असेल तर खोटं वाढून येतं, म्हणून एकदा वाढलेलं दिसलं तर काही आठवड्यांनी पुन्हा करून खात्री करतात. शुगर किंवा बीपी असेल तर दरवर्षी व्हायला हवी ही टेस्ट. आमच्या लॅबच्या रेटकार्डात ती शेवटच्या पानावर होती, आणि किंमत पॅकेजच्या निम्म्याहून कमी.

लोक म्हणतात लघवी तपासणं जुनं झालं, आता सगळं रक्तात कळतं. १८२७ साली लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये रिचर्ड ब्राइट चमच्यात लघवी घेऊन मेणबत्तीवर तापवायचा, अल्ब्युमिन असेल तर पांढरं होऊन साकळायचं, आणि अंगावर सूज आणि लघवीत अल्ब्युमिन असलेल्या पेशंटच्या किडन्या मेल्यावर उघडून बघितल्या तर खराब निघायच्या. तिथून किडनीचं डॉक्टरी शास्त्र सुरू झालं. दोनशे वर्षं होत आली तरी शोधतोय तेच अल्ब्युमिन, फक्त चमचा गेला आणि मशीन आलं.

असो. पॅकेज नको म्हणाले, तर मुलीचा चेहरा पडला, पण तिनं कॅन दिला. पाच लिटरचा, पांढरा, स्क्रूचं झाकण, वर स्टिकर. कॅनची क्वालिटी चांगली, झाकण घट्ट, गळला नाही, याचे पूर्ण मार्क. पण तोंड अरुंद! पुरुषांचं एक वेळ जमेल, बायकांनी काय करायचं? मी मागितल्यावर आतून एक प्लॅस्टिकचा मापाचा मग आणून दिला, म्हणजे त्यांच्याकडे होता, मागेपर्यंत देत नाहीत. मागा.

सूचना. इथे लॅबचा एक स्टार गेला. तोंडी सूचना अशी मिळाली, ‘उद्या सकाळपासून परवा सकाळपर्यंत यात धरा’. बस्स. कागद नाही, काही नाही. आणि या तपासणीचा सगळा जीव त्या सूचनेतच आहे, तेव्हा नीट लिहिते, कोणाला उपयोग होईल. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी फेकायची. हो, फेकायची, कारण ती काल रात्रीची आहे. ती केली ती वेळ लिहून ठेवायची, समजा सहा वाजता. त्यानंतरची प्रत्येक लघवी कॅनमध्ये, संडासला गेल्यावर होते तीसुद्धा, रात्री उठून केलेलीसुद्धा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला लागली असो नसो, करायची आणि ती कॅनमध्ये घ्यायची. पहिली फेकली नाही तर दोन रात्रींची लघवी एका दिवसात मोजली जाते. मधली एखादी बाहेर गेली तर प्रोटीनही कमी येतं, क्लिअरन्सही कमी येतो, आणि डॉक्टर भलत्याच आकड्यावर औषध ठरवतात. म्हणून लग्नकार्य, बाजार, एकादशीची पंढरी असलं काही नसलेला दिवस निवडायचा. आम्ही रविवार धरला, सोमवारी सकाळी कॅन दिला.

कॅन थंड ठेवायचा असतो, हेही लॅबनं सांगितलं नाही, डॉक्टरांच्या कंपाउंडरनं सांगितलं. फ्रीज म्हणल्याबरोबर आईनं फ्रीजच्या दाराला पाठ लावून उभं राहायचं तेवढं बाकी ठेवलं. दही आणि देवाचं लोणी असलेल्या फ्रीजमध्ये ते जाणार नाही म्हणजे नाही, तुम्ही दुसरा फ्रीज घ्या. शेवटी डेअरीतून बर्फ आणला, बादलीत टाकला, कॅन त्यात, बादली मागच्या न्हाणीत, आणि अण्णांचा मोबाइल खिडकीत अलार्म लावून. चाललं की. फक्त बर्फाचं पाणी कॅनच्या तोंडापर्यंत येऊ देऊ नका. आणि एक महत्त्वाचं, मुतखड्यासाठी कॅल्शियम ऑक्झलेट बघणार असतील तर काही लॅब कॅनमध्ये आधीच ॲसिड घालून देतात, तो कॅन वेगळा असतो, त्यात थेट करायला जाऊ नका, मगात करून हळूच ओता, आणि लहान पोरांच्या हाताला लागू देऊ नका.

मोजणी कशाला करायची हे अण्णांनी विचारलं, म्हणजे एवढा उपद्व्याप कशाला, एक बाटली दिली असती. त्यांना मी जे सांगितलं तेच इथे. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला साधारण १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात. मिनिटाला सव्वाशे मिली. अंगात रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, असतो जेमतेम तीन लिटर, म्हणजे तो दिवसात साठेक वेळा गाळून निघतो. आणि बाहेर पडते दीड दोन लिटर लघवी, बाकी सगळं परत आत. दिवाळीच्या साफसफाईला घरातलं झाडून सगळं सामान अंगणात काढतात आणि मग लागेल तेवढं परत आत नेतात, तसं काम आहे. मीठ, साखर, पाणी, सगळं आधी बाहेर, मग किडनीतल्या बारीक नळ्यांमधून निवडून परत. त्यामुळे लघवी किती झाली यावरून किडनी किती गाळते ते कळत नाही, किडनी निकामी होत आलेल्या माणसालासुद्धा दीड लिटर लघवी होऊ शकते. ‘लघवी साफ होतेय ना, मग किडनी चांगली’ हे गावात सगळे म्हणतात ना, ते यासाठीच चुकीचं. दिवसभराची ४०० मिलीच्या खाली गेली तर मात्र तातडीनं डॉक्टर गाठायचा.

गाळण किती होतं ते मोजायचं तर असा पदार्थ पाहिजे जो गाळला जातो पण परतही जात नाही आणि वरून टाकलाही जात नाही. १९३०च्या दशकात न्यूयॉर्कचा होमर स्मिथ आणि फिलाडेल्फियाचा रिचर्ड्स यांनी त्यासाठी इन्युलिन आणलं, डेलियाच्या कंदात असतो तो पिठूळ पदार्थ. आजही खरी मोजणी म्हणजे इन्युलिनच, पण ते शिरेतून सतत चढवत ठेवावं लागतं, मिरजेत काय पुण्यातसुद्धा रोजच्या पेशंटला कोण करणार. त्याच्याआधी १९२६ मध्ये कोपनहेगनच्या रेबर्ग नावाच्या माणसानं स्वतःच क्रिएटिनिन पाण्यात घालून प्यायलं आणि स्वतःची लघवी मोजत बसला, तिथून ही क्रिएटिनिनची कल्पना आली. बाहेरून काही द्यायला नको, अंगातच तयार होतं, दिवसाला जवळपास ठरावीक. फक्त थोडं क्रिएटिनिन नळ्या वरून टाकतात, त्यामुळे क्लिअरन्स खऱ्यापेक्षा दहा वीस टक्के जास्त येतो. डॉक्टरांना ते माहीत असतं.

रिपोर्ट. सोमवारी दुपारी चारला व्हॉट्सॲपवर आला, वेळेत, याचे मार्क. उघडला तर लघवीचं माप २००० मिली. आता मी सकाळी कॅन देताना मगानं मोजून लिहून ठेवलं होतं, १८५०. फोन केला तर म्हणे मॅडम अंदाजे धरतो, कॅनवर रेघा पाचशे पाचशेच्या आहेत. अंदाजे! अहो सगळं गणित त्या मापावर उभं आहे, लघवीतल्या क्रिएटिनिनला त्या मापानं गुणायचं, रक्तातल्या क्रिएटिनिननं भागायचं आणि दिवसाच्या १४४० मिनिटांनी भागायचं. अण्णांच्या लघवीत क्रिएटिनिन ५८, रक्तात १.४ (दोन्ही डेसिलिटरला मिलिग्रॅम). १८५० धरलं तर क्लिअरन्स येतो मिनिटाला ५३ मिली, २००० धरलं तर साडेसत्तावन. प्रोटीन १८५० ला ७७७ मिलिग्रॅम, २००० ला ८४०. एवढ्या फरकानं पुढच्या वेळी ‘सुधारलं’ की ‘बिघडलं’ ते उलटं होऊ शकतं. मी जाऊन उभी राहिले, वरच्या मजल्यावरचे पॅथॉलॉजिस्ट सर स्वतः खाली आले, कॅन अजून टाकला नव्हता, सिलिंडरनं मोजला, १८६० भरला, रिपोर्ट बदलून दिला, सॉरी म्हणाले, आणि पुढच्या वेळचे पैसे घेणार नाही म्हणाले. म्हणून तीन स्टार, नाहीतर एकच दिला असता. त्यांच्या नंतरच्या वागण्याला नावं ठेवायला जागा नाही.

दुसरं, क्लिअरन्ससाठी रक्तही त्याच दिवसातलं लागतं. होम कलेक्शनला आलेला पोरगा कॅन घेऊन निघालाच होता, रक्त राहिलं म्हणल्यावर ‘मागच्या आठवड्याचं आहे ना तुमचं, तेच घालतो’. नाही घालायचं. घ्यायला लावलं. पोरगा मात्र हाताचा हलका, अण्णांची शीर सापडायला नेहमी त्रास होतो, याला पहिल्या झटक्यात मिळाली, त्याचं कौतुक.

कॅन पूर्ण भरला का, म्हणजे मधली एखादी हुकली का, हे रिपोर्टवरूनच कळतं आणि ही युक्ती मला डॉक्टरांनी शिकवली, प्रत्येकानं बघावी. दिवसभरातलं एकूण क्रिएटिनिन काढायचं आणि वजनानं भागायचं. अण्णांचं आलं साधारण १०७३ मिलिग्रॅम, वजन ६६ किलो, म्हणजे किलोमागे सोळा. धडधाकट पुरुषात २० ते २५ असतं, बायकांत १५ ते २०, म्हाताऱ्या माणसात त्याहून कमी, तर सत्तरीच्या माणसाला सोळा म्हणजे कॅन नीट भरलाय. सहा सात आलं असतं तर कुठेतरी हुकलं. लॅबनं हे रिपोर्टवर छापायला काय जातं? आकडे सगळे त्यांच्याकडेच आहेत. नाही छापत.

ईजीएफआर हा अजून एक घोळ. त्याच रक्तावर लॅबनं ५० छापलं होतं, कुठला फॉर्म्युला ते लिहिलं नव्हतं. मी तिन्ही फॉर्म्युले घालून बघितले. १९७६ चा कॉकरॉफ्ट-गॉल्ट, तो कॅनडातल्या २४९ पेशंटवर बेतलेला, जवळजवळ सगळे पुरुष, त्यानं ४५ येतं. १९९९ चा एमडीआरडी, त्यानं ५०, म्हणजे लॅब अजून त्यावरच आहे. २०२१ चा सीकेडी-ईपीआय, त्यानं ५४. एकच माणूस, एकच नळीभर रक्त, आणि तीन किडन्या! लॅब बदलली आणि ५० चं ५४ झालं तर घरात पेढे वाटाल, झालेलं काहीच नसतं. म्हणून रिपोर्टवर फॉर्म्युल्याचं नाव मागा आणि दरवेळी त्याच लॅबमध्ये करा. आपल्याकडच्या लोकांबाबत एक शंका आहेच, चंदिगडच्या पीजीआय या मोठ्या सरकारी हॉस्पिटलमध्ये इन्युलिननं मोजून बघितलं तेव्हा परदेशी फॉर्म्युले भारतीयांमध्ये खऱ्यापेक्षा जास्त जीएफआर दाखवतात असं दिसलं, आणि कारण तेच, कमी स्नायू आणि कमी मांसाहार. अण्णांच्या बाबतीत मोजलेला क्लिअरन्स ५३ आणि फॉर्म्युल्याचा ५४, जवळजवळ सारखं (फॉर्म्युला अंगाचा पृष्ठभाग १.७३ चौरस मीटर असलेल्या माणसासाठी असतो, अण्णा त्याच्या आसपासच आहेत म्हणून थेट ताडून बघता येतं). क्लिअरन्स मुळातच थोडा जास्त येतो हे धरलं तर खरं पन्नासच्या खालीच असेल असं डॉक्टर म्हणाले, आणि गोळ्यांचे डोस त्या हिशोबानं ठरवले. पाहिजे तर सिस्टॅटिन सी नावाची रक्ताची टेस्ट आहे, तिला स्नायूंचा फारसा फरक पडत नाही, आमची लॅब ती मुंबईला पाठवते, महाग आहे, आम्ही नाही केली.

आता प्रश्न, दरवेळी कॅन भरायचा का? नाही, आणि हे मला सगळ्यात जास्त उपयोगाचं वाटलं. अण्णांच्या कॅनमधल्या लघवीत डेसिलिटरला प्रोटीन ४२, क्रिएटिनिन ५८. भागाकार ०.७२. आणि दिवसभराचं मोजून आलं ०.७८ ग्रॅम. जवळ जवळ तेच ना! कारण बहुतेक माणसं दिवसाला एक ग्रॅमच्या आगेमागे क्रिएटिनिन टाकतात, म्हणून पाणी कमी प्यायलं काय जास्त प्यायलं काय, डबीभर लघवीत दोन्ही सारखंच पातळ होतं आणि भागाकार तोच राहतो. हे १९८३ सालीच संशोधनातून छापून आलंय. म्हणजे पाठपुराव्याला डबीभर लघवीचं रेशो पुरेसं. कॅन लागतो तो फॉर्म्युल्यावर भरवसा नसेल तेव्हा, फार बारीक किंवा पहिलवान माणूस, पाय कापलेला माणूस, मुतखडा पुन्हा पुन्हा होणारा, किंवा डॉक्टरांनी मुद्दाम सांगितलं तर. ‘दर तीन महिन्यांनी कॅन भरा’ असं लॅबवाल्यानं स्वतःहून सांगितलं तर डॉक्टरांना विचारून मगच.

काउंटरवरच्या त्याच मुलीनं अण्णांना एक मोठा धक्का दिला, तो राहिलाच. लघवीच्या साध्या रिपोर्टमध्ये शुगर चार प्लस, आणि ती सगळ्यांसमोर ‘बापरे काका, शुगर फुल्ल आहे तुमची, आजच ॲडमिट व्हा’. अण्णांचा रंग उडाला. रक्तातली शुगर तर १४० होती. कारण डॉक्टरांनी डापाग्लिफ्लोझिन ही शुगरची गोळी सुरू केली होती, ती गोळी नळ्यांमधून साखर परत आत जाऊ देत नाही, म्हणून लघवीत साखर येणारच, येत नसेल तर गोळी घेतली नाही असं समजा! या गोळीची मूळ कल्पना सफरचंदाच्या झाडाच्या सालीतल्या फ्लोरिझिन नावाच्या कडू पदार्थातून आली, १८३५ साली काढलेला. आणि किडनीसाठी तिची मोठी चाचणी, डापा-सीकेडी, ४३०४ पेशंटवर झाली, २०२० मध्ये फायदा एवढा स्पष्ट दिसला की वेळेआधी थांबवली. सुरुवातीला क्रिएटिनिन थोडं वाढतं, त्यालाही घाबरून स्वतःहून गोळी बंद करू नका. लॅबनं एवढंच करावं, सॅम्पल घेताना कुठल्या गोळ्या चालू आहेत ते विचारावं, आणि काउंटरवरून निदान करू नये.

आणि ते भिंतीवरचं पोस्टर. ‘किडनी स्वच्छ ठेवा, रोज ५ लिटर पाणी प्या’, खाली किडनी डिटॉक्स चहाच्या पाकिटांची जाहिरात. लॅबमध्ये! मुतखडा होऊन गेलेल्याला पाण्याचा फायदा खरा आहे, इटलीत १९९ पेशंटवर पाच वर्षं बघितलं, दिवसाला दोन लिटरच्या वर लघवी होईल इतकं पाणी पिणाऱ्यांत खडा पुन्हा झाला १२ टक्क्यांना, बाकीच्यांत २७ टक्क्यांना. पण किडनी आधीच कमजोर असलेल्या ६३१ लोकांवर कॅनडात वर्षभर प्रयोग झाला, २०१८ ला आला, निम्म्यांना जास्त पाणी प्यायला लावलं, जीएफआर उतरण्याच्या वेगात काही फरक नाही. ज्याच्या पायावर सूज आहे त्यानं पोस्टर वाचून पाच लिटर पाणी ढोसलं तर त्याचं काय होईल याचा विचार केलाय का कोणी? आणि झाडपाल्याच्या चहाबद्दल बोलायचं तर १९९० च्या सुमारास ब्रुसेल्समध्ये वजन कमी करायच्या क्लिनिकनं दिलेल्या चिनी वनस्पतींमुळे शंभराहून जास्त बायकांच्या किडन्या खराब झाल्या, त्यात ॲरिस्टोलोकिया नावाची वेल निघाली. पॅथॉलॉजिस्ट सरांना मी हे सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं. परवा गेले तर चहाची जाहिरात काढलेली दिसली, पाच लिटर अजून आहे.

बाकी किरकोळ. बसायला खुर्च्या भरपूर, पंखे चालू. संडास स्वच्छ पण आतून कडी नाही, लघवीचा सॅम्पल द्यायला आलेल्या म्हाताऱ्या बाईला दार धरून उभं राहायला कोणीतरी लागतं. लिफ्ट नाही पण कलेक्शन तळमजल्यावरच आहे. युपीआय घेतात, पावती मागितल्यावर देतात. रिपोर्टची भाषा सगळी इंग्रजी, मराठीत दोन ओळी टाकल्या तर बिघडत नाही. सोमवारी सकाळी जाऊ नका, रविवारचे सगळे कॅन तेव्हाच येतात आणि स्टिकर लावायला एकच पोरगा असतो, नाव वय कॅनवर तुमच्या देखत लिहून घ्या. मंगळवारी बुधवारी दहाच्या सुमारास गर्दी नसते. फोन करून आधी एवढं विचारा, मापाचा मग मिळतो का, माप सिलिंडरनं घेता का, आणि ईजीएफआर २०२१ च्या फॉर्म्युल्यानं देता का, तिसऱ्या प्रश्नावर फोन सरांकडे देतात, ते नीट बोलतात.